ओळखपत्र सर

कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक प्रश्न जन्मभर चुकत नाही. नवं वर्ष, नवा वर्ग, सरांनी खडू हातात घेतला न घेतला तोच मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, माझ्या मनात आत्ता काय चाललंय, सांगा ना!" आपल्या या सरांचं उत्तर ठरलेलं होतं. ते घड्याळाकडे बघत म्हणायचे, "तास कधी संपतोय, दुसरं काय?" वर्ग हसायचा आणि शिकवायला सुरुवात व्हायची.

या सरांना सगळं कॉलेज 'ओळखपत्र सर' म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्याचं असं झालं की गेटवरचे वॉचमन, ज्यांना सगळे मामा म्हणत, ओळखपत्र नसलेल्या कुणालाही आत सोडत नसत. कार्ड घरी विसरलेला पोरगा मानसशास्त्राचा निघाला की मामा त्याला दंडाला धरून तळमजल्यावरच्या सरांच्या खोलीपाशी आणायचे. "सर, हे आपलंच आहे का?" सर चष्म्यावरून एकदा बघायचे. मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, कुठल्या बाकावर कुणाशेजारी बसतो आणि मागच्या चाचणीत कोणता प्रश्न गाळला, एवढं सगळं एका दमात सांगून मोकळे व्हायचे. पोरगा सुटायचा, पण त्या गाळलेल्या प्रश्नाबद्दल चार शब्द ऐकूनच.

विषय मोठा फसवा. निम्मी मुलं येतात ती दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येईल म्हणून आणि उरलेली गणितातून सुटका होईल म्हणून. फळ्यावर सरासरी आणि प्रमाण विचलन उमटलं की दुसऱ्या गटाचे चेहरे पडतात. माणसाचं मन समजून घ्यायला आधी पिंजऱ्यातला उंदीर कशाला, या विचाराने पहिला गट खट्टू होतो. प्रात्यक्षिकाची तऱ्हा आणखी निराळी. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला या विषयात 'प्रयुक्त' म्हणतात. मुलं आपल्या जिवलग मित्रालाच प्रयुक्त म्हणून बसवतात आणि तो बिचारा मैत्रीला जागून पुस्तकात छापलेलीच उत्तरं देतो. नातेवाईक तर विचारूच नका. चार माणसं जमली की कुणीतरी मेव्हणा सरांना कोपऱ्यात घेणार. "आमचा धाकटा फार हट्टी झालाय, जरा बघता का?" सर म्हणायचे, "अहो, मी शिकवतो, उपचार नाही करत." मेव्हणा म्हणायचा, "तेच ते हो!"

अधूनमधून मात्र तास सुटल्यावर एखादी मुलगी किंवा मुलगा उगाच दप्तर आवरत मागे रेंगाळायचा. तेव्हा सर विनोद करत नसत. खुर्ची पुढे सरकवायचे, ऐकून घ्यायचे आणि समुपदेशक बाईंच्या खोलीपर्यंत स्वतः सोबत जायचे. जाताना त्या पोराला दोनतीनदा नावाने हाक मारायचे. माणसाला त्याच्या नावाने हाक मारली की त्याचं निम्मं ओझं उतरतं, असं त्यांचं पक्कं मत होतं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं एका मुलाने विचारलं होतं. सर म्हणाले, "नसेल, तर लिहायला हवं."

दरवर्षी मनोविकारांचं प्रकरण सुरू करण्याआधी ते वर्गाला बजावत. "आता नीट ऐका. हे प्रकरण वाचताना प्रत्येकाला वाटणार, हे माझंच चाललंय. सगळ्यांनाच वाटतं. घाबरायचं नाही." मुलं माना डोलवायची आणि दुसऱ्याच दिवशी रांग लागायची. कुणाला चिंताविकार झालेला असायचा, कुणाला आणखी काही, आणि एक जण तर पानावरचे सगळे विकार एकदम घेऊन यायचा. सरांचं औषध ठरलेलं होतं. "धडा संपेपर्यंत थांब. पुढच्या धड्याला बरा होशील. नाही झालास तर माझ्याकडे ये, आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ." बहुतेक सगळे पुढच्या धड्याला बरे व्हायचे.

यंदा कॉलेजने प्रत्येक वर्गाच्या दारात हजेरीचं यंत्र बसवलं. अंगठा टेकवायचा, टिंग वाजलं की आत जायचं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना हायसं वाटलं. पूर्वी सर हजेरी आकड्यांनी घेत नसत. एकेकाचं पूर्ण नाव घ्यायचे, 'हजर' ऐकू आलं की मान वर करून चेहरा बघायचे आणि मगच पुढे जायचे. त्यात तासाचा बराच वेळ जायचा म्हणून प्राचार्य कुरकुरायचे. आता तो वेळ वाचला. सरांनी यंत्राचं कौतुकसुद्धा केलं आणि वाचलेल्या वेळात वर्गाला जास्तीचे दोन प्रयोग शिकवले.

आणि मग सरांना नावं आठवेनाशी झाली.

आधी त्यांनी ते मनावर घेतलं नाही. "अरे तू, खिडकीजवळचा," "अगं, निळी पिशवी," असं चालवून नेलं. पण सहामाही उलटली तरी वर्गाकडे पाहिलं की नुसते चेहरेच दिसायचे. ओळखीचे, रोजचे, पण चिठ्ठी नसलेल्या डब्यांसारखे. त्यांना आतून चरकल्यासारखं व्हायचं. एकदा तर एका मुलीला त्यांनी तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. थोरली कधीच पदवी घेऊन गेली होती, तिचं नाव मात्र जिभेवर तयार होतं.

एका सकाळी मामा एका मुलीला घेऊन दारात आले. त्या दिवशी वर्गाची चाचणी होती. "सर, कार्ड विसरलीय. आपलीच ना?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. मुलगी त्यांच्याच वर्गातली होती, दुसऱ्या बाकावरची, पंख्याखालची. प्रश्नही चांगले विचारायची. पण नावाच्या जागी काहीच नव्हतं. पहिलं अक्षरसुद्धा नाही. मुलगी हसतमुखाने वाट बघत होती, कारण ओळखपत्र सरांची ख्याती तिनेही ऐकली होती.

"आपलीच आहे," सर म्हणाले.

"नाव काय लिहू?" मामांनी पेन सरसावलं. मामांच्या दृष्टीने नाव नुसतं मुलीकडून ऐकलेलं चालत नसे. तो त्यांचा नियम होता आणि तो सरांनीच त्यांना कधीतरी घालून दिला होता.

सर चष्मा काढून पुसायला लागले. मामांना वाटलं सर चेष्टा करताहेत, म्हणून ते हसले. मग हसायचे थांबले. मुलीचं हसू त्यांच्याही आधी मावळलं होतं. "राहू द्या मामा," ती म्हणाली, "मी घरी जाऊन कार्ड घेऊन येते." ती परत आली तोवर चाचणी अर्धी संपली होती. सरांनी तिला वेळ वाढवून दिला, पण माफी मागायचं धाडस त्यांना झालं नाही. माफी मागायची तर आधी हाक मारायला हवी होती.

सरांना खरी भीती वेगळीच होती. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. कुठलं घड्याळ कुणाच्या मनगटावरचं, हे त्यांना काटे बघून कळायचं. त्यांचं विसरणं सुरू झालं ते नावांपासूनच. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, मग सुनेचं. शेवटी शेवटी सर खोलीत शिरले की वडील खुर्चीतून अर्धवट उठायचे आणि अदबीने विचारायचे, "या, बसा. आपण कुणाकडे आलात?" सर म्हणायचे, "तुमच्याकडेच." पोटच्या मुलाला 'आपण' म्हणणारा तो सभ्य आवाज सरांच्या कानातून कधी गेला नाही.

त्यातच यंदा शिकवायला आलं स्मृतीच्या विकारांचं प्रकरण. सर फळ्यावर एकेक लक्षण लिहायचे आणि मनात आपल्या नावापुढे खूण करायचे. स्कूटर कॉलेजात विसरून चालत घरी गेलो, खूण. चष्मा कपाळावर असताना घरभर शोधला, खूण. नावं, मोठी खूण. वर्गाला दरवर्षीचा इशारा द्यायचाही ते विसरले, त्याचीही एक खूण. मुलं मात्र या प्रकरणात नेहमीपेक्षा निवांत होती. हा म्हाताऱ्यांचा आजार म्हणून कुणी मनाला लावून घेतला नाही. वर्गात आजारी पडले ते एकटे सर.

मनाशी त्यांनी ठरवून टाकलं की वर्ष संपलं की प्राचार्यांना सांगायचं आणि निवृत्तीची वाट न बघता बाहेर पडायचं. एखाद्या दिवशी रडवेली पोर समोर बसलेली असेल आणि आपण तिला विचारू, आपण कुणाकडे आलात, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. त्यापेक्षा आधीच खुर्ची सोडलेली बरी.

सरांच्या बायको दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसायच्या. घाबरलेली माणसं दिवसभर त्यांच्यासमोरच बसलेली असायची, त्यामुळे घाबरलेला माणूस ओळखायला त्यांना मानसशास्त्राची गरज नव्हती. जेवताना त्यांनी ताटावरून मान वर केली.

"अहो, माझ्या मावश्यांची नावं का पुटपुटताय?"

"कुठे?"

"आत्ता. थोरलीपासून धाकटीपर्यंत ओळीने. काल माझ्या आत्यांची चालली होती. माझ्या माहेरचं एवढं कौतुक तुम्हाला लग्नातसुद्धा नव्हतं."

सरांनी मग सगळं सांगितलं. गेट, मुलगी, वडील, खुणा, सगळं. बायकोने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या, "स्कूटरचं आणि चष्म्याचं मला सांगू नका. लग्नाआधी मला भेटायला आलात तेव्हा चपला आमच्या दारात विसरून अनवाणी गेला होतात. माझे वडील म्हणाले, मुलगा साधा दिसतोय. पण नावांचं खरंय. तुम्ही कधी कुणाचं नाव विसरला नाहीत." त्यांनी ताट बाजूला सारलं. "सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. मी वेळ घेते."

"परीक्षा होऊ दे."

"आमच्याकडे येणारे सगळे हेच म्हणतात. परीक्षा होऊ दे, पाहुणे जाऊ दे. दाढ काही थांबत नाही."

सोमवार ठरला. त्याआधी शुक्रवार आला आणि शुक्रवारी वर्गाची प्रात्यक्षिकं होती. प्रत्येकाने स्वतः रचलेला एक प्रयोग करून दाखवायचा होता. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. मधोमध लाकडी पडदे लावलेली टेबलं, भिंतीशी जुनं काचेचं कपाट, आणि एक स्टॉपवॉच, जे टेबलावर आपटल्याशिवाय चालू होत नसे. सर जोड्या लावत होते, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची ती मुलगी पुढे आली.

"सर, माझे प्रयुक्त तुम्ही व्हाल का?"

"मी कशाला? मैत्रिणीला घे."

"मैत्रीण चालणार नाही, सर. माझा प्रयोग नावं आणि चेहरे यांच्यावर आहे. प्रयुक्ताला ती नावं आधीपासून माहीत असून चालत नाही." ती क्षणभर अडखळली, पण खोटं बोलायचा तिचा स्वभाव नसावा. "वर्गात कुणाचंच नाव माहीत नसलेले तुम्ही एकटेच आहात."

मागे कुणाच्या तरी हातातून पट्टी पडली. सरांचे कान तापले. मुलीने टोमणा मारला नव्हता, हे त्यांना कळत होतं. प्रयोगाच्या दृष्टीने तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि तेच जास्त लागलं. नाही म्हणावं तर सगळ्यांना कळणार. हो म्हणावं तरी कळणारच. मग एवढी वर्षं मुलांना प्रयुक्ताच्या खुर्चीत बसवणाऱ्या सरांनी निमूटपणे ती खुर्ची ओढली.

मुलीने प्रयोग समजावून सांगितला. मुलं एकेक करून समोर येतील. काही जण नुसतं आपलं नाव सांगून जातील आणि सरांनी ते फक्त ऐकायचं. काहींचं नाव ऐकल्यावर मात्र सरांनी ते स्वतः मोठ्याने घ्यायचं आणि त्या मुलाने 'हजर' म्हणायचं. "तुम्हीच शिकवलंत ना, सर, की स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं जास्त टिकतं? ते खरंय का बघायचंय."

"बघ," सर म्हणाले.

मुलं येऊन गेली. काही नुसती बोलून गेली, काहींची नावं सरांनी घेतली आणि त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी 'हजर, सर' ऐकू आलं. मग मन दुसरीकडे वळावं म्हणून मुलीने त्यांना तीनशेपासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं. सर मोजता मोजता मनात वडिलांची खुर्ची बघत होते.

"आता सांगा, सर."

मुलं उलटसुलट क्रमाने पुन्हा समोर यायला लागली. पहिला मुलगा आला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. काही नाही. मुलगा चुळबुळला, जणू नाव न आठवण्यात त्याचीच चूक होती. दुसरी मुलगी आली. तिचंही नाही. सरांनी रुमाल काढला. आता उठावं आणि सरळ प्राचार्यांच्या खोलीत जावं, असं त्यांना वाटलं.

तिसरा आला तो कानात बाळी घातलेला उंच मुलगा. आणि सरांनी विचार करायच्या आत त्याचं नाव बाहेर पडलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्वीसारखं एका दमात. मुलगा दचकून म्हणाला, "हजर!" सगळे हसले. पुढची मुलगी आली, तिचंही नाव आलं. त्यानंतरच्याचं नाही. त्यानंतरच्या दोघांचं आलं, अगदी आपणहून, दार लोटताच उघडावं तसं.

आता सर घाबरायचे थांबले होते, कारण त्यांच्यातला मास्तर जागा झाला होता. कुणाचं येतंय आणि कुणाचं नाही, हे ते बघायला लागले. ज्याने 'हजर' म्हटलं होतं, त्याचं येत होतं. जो नुसता बोलून गेला होता, त्याचं बहुतेक येत नव्हतं. म्हणजे प्रश्न म्हातारपणाचा नव्हता. वडिलांचाही नव्हता. प्रश्न दारातल्या त्या टिंग वाजणाऱ्या यंत्राचा होता. यंदा वर्ष सुरू झाल्यापासून त्यांनी या वर्गातलं एकही नाव तोंडाने घेतलं नव्हतं. दरवर्षी ते स्मृतीच्या पहिल्या तासाला सांगायचे, पाकीट खिशात ठेवलंच नसेल तर चोरीला गेलं म्हणून बोंब मारू नका. आणि यंदा स्वतःच बोंब मारत हिंडत होते.

सर हसायला लागले. आधी गालात, मग मोठ्याने, मग चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. इतक्या दिवसांचं छातीवरचं दडपण एकदम उतरलं होतं आणि हसू काही केल्या आवरेना.

"सर," मुलगी गंभीरपणे म्हणाली, "प्रयुक्ताने हसायचं नसतं."

"चुकलो, चुकलो. लिही, प्रयुक्ताने गडबड केली." पण ते पुन्हा हसलेच. धडा संपेपर्यंत थांब, असं ज्या सरांनी इतक्या पोरांना सांगितलं, ते स्वतः धड्याच्या मधोमध आजारी पडून नोकरी सोडायला निघाले होते. सोमवारी डॉक्टरांनीही सगळं तपासून स्मरणशक्ती उत्तम असल्याचंच सांगितलं, फक्त चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला सांगितला. घरी आल्यावर बायकोने आपल्या मावश्यांची विचारपूस केल्याबद्दल सरांचे आभार मानले.

पण ते सोमवारचं. त्या शुक्रवारी प्रयोग संपला, मुलं टेबलं आवरायला लागली. मुलगी निकाल मांडत सरांच्या समोरच बसली होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. तिने मांडलेलं गृहीतक खरं ठरलं होतं. मग लेखणी थांबवून तिने वर पाहिलं.

"सर, सगळ्यांची झाली. माझं सांगाल?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती प्रयोग करणारी, म्हणून ती रांगेत उभी राहिलीच नव्हती. तिचं नाव ना त्यांनी ऐकलं होतं, ना घेतलं होतं. आठवडाभरापूर्वी हाच प्रश्न आला असता तर त्यांच्या पायाखालची जमीन सरकली असती. आज ते शांतपणे म्हणाले, "नाही येत मला तुझं नाव. गेटवरही येत नव्हतं. तुला परत घरी जावं लागलं, चाचणी अर्धी गेली, आणि मी तुला साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही. चुकलंच माझं."

मुलीने मान खाली घातली. "मला वाटलं, सर, की तुम्हाला सगळे आठवतात, फक्त मीच नाही."

"नाही गं. कुणीच आठवत नव्हतं. तू एकटी नव्हतीस." सरांनी खुर्ची पुढे सरकवली. "सांग आता. पूर्ण सांग, वडिलांच्या नावासकट."

तिने सांगितलं. सर उठून उभे राहिले, जुन्या दिवसांसारखी मान वर केली आणि कपाटाच्या काचा थरथरतील एवढ्या मोठ्याने तिचं पूर्ण नाव घेतलं. टेबलं आवरणारी मुलं थबकून बघायला लागली. दारात मामा काहीतरी विचारायला आले होते, तेही तिथेच थांबले.

"हजर, सर," ती म्हणाली.